दमसासाची चौकशी

जिंकलेल्या संघाच्या प्रकृतीची विचारपूस कोणा प्रेक्षकाने केल्याचे आजवर ऐकिवात नाही. विजयी संघाचा मध्यरक्षक कमरेवर हात ठेवून, तोंड उघडे टाकून आकाशाकडे पाहत उभा असला, तर तो विजयाच्या धन्यतेत क्षणभर आत्ममग्न झाला आहे असे मानण्याची रीत आहे. आणि तोच मध्यरक्षक, त्याच पवित्र्यात, तेवढ्याच उघड्या तोंडाने, पण दोन गोलांनी मागे असताना उभा राहिला, की प्रेक्षागारातल्या हजारो वैद्यांना एकाच वेळी त्याची नाडी सापडते आणि निदानही एकमुखाने बाहेर पडते : ‘ह्यात दमच न्हाई!’ ओळीने चार-पाच सामने हरलेल्या संघाच्या वाट्याला जी अनेक दुःखे येतात, त्यांत प्रत्यक्ष पराभवाचे दुःख सर्वांत सौम्य असते. कारण पराभव पंचाची शिट्टी वाजताच संपतो, परंतु त्यानंतर सुरू होणारी शारीरिक क्षमतेची चौकशी ही मुदतीचे बंधन नसलेली, साक्षीदारांची वाण नसलेली आणि आरोपीला हजर राहण्याची तसदी न देणारी असल्यामुळे पुढच्या पराभवापर्यंत अव्याहत चालू राहू शकते.

ही चौकशी जगातल्या प्रत्येक फुटबॉलवेड्या शहरात चालते. तथापि तिला जे गांभीर्य कोल्हापुरात प्राप्त झाले आहे ते अन्यत्र क्वचितच आढळेल, आणि याचे कारण त्या शहराच्या इतिहासात आहे. 1894 साली राज्यकारभार हाती घेतलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला उदार आश्रय दिला. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी 1902 साली ते विलायतेस गेले असता रोममधले प्राचीन क्रीडागार त्यांच्या नजरेत भरले, आणि पुढे 1912 साली खासबागेत कुस्त्यांचे मैदान उभे राहिले. पेठेपेठेत तालमी होत्या, तालमीत लाल मातीचा हौदा होता, हौद्याच्या काठावर वस्ताद होता आणि वस्तादाच्या आज्ञेत पेठेतली सारी तरणी पोरे होती. पुढे फुटबॉलने शहराला झपाटले, तेव्हा पेठांनी त्याच्यासाठी निराळा संसार मांडण्याच्या खटाटोपात न पडता तो चेंडू सरळ तालमीतच आणून ठेवला. म्हणूनच पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा मातब्बर फुटबॉल संघांची नावे आजही ‘तालीम मंडळ’ या बिरुदाने संपतात, आणि परगावच्या माणसाला सामन्यांचा तक्ता वाचताना आपण कुस्त्यांच्या फडाची जाहिरात वाचीत आहोत की काय, असा संशय येतो.

या वारशाचा परिणाम असा झाला की, अन्य शहरांत जो आक्षेप केवळ क्रीडाविषयक ठरला असता, तो येथे थेट कुलशीलावर येऊन पोहोचतो. मँचेस्टरच्या खेळाडूला धाप लागली तर फार झाले तर प्रशिक्षकाची नोकरी जाते; तालमीच्या पोराला धाप लागली तर सबंध पेठेच्या खुराकाचा पंचनामा होतो. त्याच्या चुकलेल्या पासबद्दल पेठ त्याला दोन शिव्या हासडून क्षमा करील. पण ज्या तालमीच्या भिंतीवर पाठीचे स्नायू फुगवून बसलेल्या मल्लांच्या तसबिरी ओळीने टांगलेल्या आहेत, त्या तालमीचे नाव छातीवर लावून त्याने गुडघ्यावर हात टेकावेत, ही गोष्ट तिला सहन होण्यासारखी नसते.

अशाच एका तालमीच्या संघाला (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण सांगितल्यास उरलेल्या पेठा आनंदित होतील, आणि न सांगितल्यास प्रत्येक पेठ तो शेजारच्या पेठेचा आहे असे समजून तितकीच आनंदित होईल) मागच्या हंगामात सत्तराव्या मिनिटानंतर गोल खाण्याची खोड जडली. शाहू स्टेडियमवरची दुपारची वेळ, माथ्यावरचे ऊन कलूनही कलायला तयार नसलेले, सिमेंटच्या पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या, पेठवार वाटून घेतलेल्या जागांवर झेंडे आणि हलग्या घेऊन बसलेले समर्थक आणि त्यांच्या मधोमध काठ्या सावरून उभा असलेला पोलिसांचा बंदोबस्त, अशा थाटात सामना सुरू होई. पहिला तासभर आमच्या संघाचा खेळ असा काही रंगे की, समोरच्या पेठेतल्या हलग्या मूक व्हाव्यात. मग कोठेतरी पासष्टाव्या मिनिटाच्या सुमारास डाव्या बगलेचा बचावपटू बुटाची नाडी बांधण्यासाठी खाली वाकत असे. नाडी बांधण्यास सामान्यतः जितका काळ लागतो त्याच्या तिप्पट काळ तो वाकलेला राही. उठे, चार पावले चाले, आणि दुसऱ्या बुटाची नाडीही पहिलीच्या सहानुभूतीने सुटली असल्याचे त्याच्या ध्यानात येई. पायरीवर बसलेला एखादा अनुभवी समर्थक शेंगेचे टरफल थुंकीत शांतपणे म्हणे, ‘नाडी न्हाई सुटली, दम सुटलाय.’ आणि पुढच्या पाच मिनिटांत, नेमक्या त्याच बगलेतून चेंडू येऊन आमच्या जाळ्यात विसावे.

सामना संपल्यावर चौकशीचे कामकाज दूधकट्ट्यावर सुरू होत असे. गंगावेशीचा दूधकट्टा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की, येथे रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली जाते आणि तेच कोमट, फेसाळ, धारोष्ण दूध पेल्यातून हातात येते. मध्ये ना विस्तव, ना पिशवी, ना विक्रेत्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न. ओठांवर फेसाची पांढरी मिशी उमटलेली असताना कोणत्याही विषयावर अधिकारवाणीने बोलता येते, असा त्या जागेचा गुण आहे. इजलास भरे तो याच मिशीच्या साक्षीने. आणि शारीरिक क्षमतेसारख्या विषयाला याहून योग्य न्यायासन शोधूनही सापडले नसते.

पहिली कैफियत अर्थातच वस्तादांची असे. वस्तादांनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता. परंतु मनुष्यदेह हा जोर, बैठका, बदामाची थंडाई आणि लवकर निजणे या चार खांबांवर उभा असून त्यांतला एक जरी काढला तरी छप्पर खाली येते, हा त्यांचा सिद्धान्त कोणत्याही खेळाला लागू पडण्याइतका व्यापक होता. ‘पयलं दूध बंद झालं, मग बैठका बंद झाल्या, आता पळायचं बंद झालंय,’ असा त्यांनी अधःपाताचा कालानुक्रम मांडला, तेव्हा शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन नुकताच परतलेला पेठेतलाच एक तरुण आदबीने म्हणाला, ‘वस्ताद, तुमचं बराबर हाय, पण हज्जार बैठका काढून मांडी जड हुती. फुटबॉलला हलकं पाय लागत्यात.’ वस्तादांनी पेला खाली ठेवला, मिशीवरचा फेस पुसला आणि एवढेच विचारले, ‘मग तुमचं हलकं पाय सत्तराव्या मिनिटाला जड कसं हुत्यात?’ या प्रश्नाचे उत्तर शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात नसावे. कारण तरुणाने आणखी एक पेला दूध मागवून वेळ मारून नेली.

पण तो तरुण हार जाणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आला. अमेरिकेच्या हवाई दलातल्या डॉक्टर कूपरने 1968 साली बारा मिनिटांच्या धावण्यावरून मनुष्याचा दम मोजण्याची युक्ती कशी काढली, पुढे डेन्मार्कच्या बांग्सबो नावाच्या शास्त्रज्ञाने वीस मीटर जा, वीस मीटर ये, दहा सेकंद विसावा घे आणि पुन्हा अधिक वेगाने पळ अशी यो-यो चाचणी कशी तयार केली, आणि जी चाचणी आज क्रिकेटवाल्यांनाही चुकत नाही ती आपल्या संघाला का असू नये, हे त्याने मुद्देसूद मांडले. नव्वद मिनिटांच्या सामन्यात चांगला मध्यरक्षक दहा-अकरा किलोमीटर अंतर तोडतो, त्यातले बहुतेक चालत आणि दुडक्या चालीने, आणि खरा प्राणांतिक वेग त्याला थोडाच काळ लागतो. तेव्हा नुसते किती धावला हे न पाहता वेगाने किती वेळा धावला आणि त्यानंतर किती लवकर सावरला हे पाहिले पाहिजे, असा त्याचा मुद्दा होता. सभेने तो लक्षपूर्वक ऐकला, आणि त्यातला दहा किलोमीटरचा आकडा तेवढा ठेवून बाकीचा शेरा न मारता दप्तरी दाखल केला. एका हिशेबी गृहस्थांनी दोन सामन्यांच्या धावण्यात मनुष्य कोल्हापुराहून जोतिबाला पायी पोहोचू शकतो असे गणित काढले, त्यावर दुसऱ्याने, ‘मग त्येन्ला जोतिबालाच धाडा, चांगभलं तरी हुईल,’ अशी सूचना मांडली, आणि विज्ञानाचा तास तेथेच संपला.

यानंतर इतिहास पक्षाची पाळी. प्रत्येक पेठेत एक तरी असा सद्गृहस्थ असतो की, ज्याला वर्तमानकाळातला कोणताही खेळाडू भूतकाळातल्या खेळाडूच्या पायाच्या करंगळीइतकाही वाटत नाही. आमच्या या इतिहासकारांनी 1911 सालच्या मोहन बागानला साक्षीस बोलावले. अकरापैकी दहा जण अनवाणी, समोर ईस्ट यॉर्कशायर पलटणीचे बुटांचे गोरे पाय, आणि तरीही बागानने आय. एफ. ए. शील्ड दोन विरुद्ध एक गोलांनी जिंकली. ती पोरे सत्तराव्या मिनिटाला नाडी बांधण्यास वाकली नाहीत, कारण त्यांना नाडीच नव्हती. मग 1962 सालच्या जकार्ता आशियाई खेळांतला जर्नैलसिंग आला : डोक्याला टाके, मूळचा बचावपटू, पण प्रशिक्षक रहीम यांनी त्याला आघाडीवर लोटले, आणि त्याने दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात गोल ठोकून सुवर्णपदकात आपला वाटा उचलला. हे सर्व वृत्तांत खरे होते आणि म्हणूनच अधिक क्लेशदायक होते. ‘आता ह्यास्नी चार हजाराचं बूट पायजेत,’ असे म्हणून इतिहासकारांनी सभोवार पाहिले. ‘मग काढू का बूट?’ असे मागून कोणी विचारले. तो संघाचाच एक राखीव खेळाडू निघाला, आणि समोरच्याच्या बुटाखाली आपली बोटे चिरडल्यास जबाबदार कोण, हे सभेच्या कामकाजात नमूद करावे असा त्याने आग्रह धरला.

नीतिपक्षाचे नेतृत्व एका निवृत्त कारकुनांकडे होते. त्यांच्या मते आहार, व्यायाम आणि इतिहास हे दुय्यम. मूळ रोग जागरणाचा. युरोपातल्या मोठ्या स्पर्धांचे सामने आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर सुरू होतात आणि पोरे ते पहाटेपर्यंत पाहत बसतात. मग संध्याकाळी पायांनी काय करावे? पुरावा विचारला असता त्यांनी खिशातला मोबाइल काढून सांगितले, की संघाचा कप्तान सामन्याच्या आदल्या रात्री दीड वाजता ऑनलाइन असल्याचे आपण स्वतः, डोळ्यांनी पाहिले आहे. साक्ष निर्णायक होती. रात्री दीड वाजता साक्षीदार स्वतः काय करीत होता, हा उलटतपासाचा प्रश्न कोणाच्याच मनात आला नाही. कारण उपस्थितांपैकी प्रत्येकजण त्या वेळी तोच सामना पाहत होता आणि प्रत्येकाला आपल्या जागरणाचे कारण निष्ठा आहे व कप्तानाच्या जागरणाचे कारण बेजबाबदारपणा आहे, याची पक्की खात्री होती.

येथे काही कुत्सित लोक प्रेक्षकाच्याच शरीरयष्टीकडे बोट दाखवतात आणि ज्याला स्टेडियमच्या वरच्या पायरीवर पोहोचण्यासाठी दोन ठिकाणी विसावा घ्यावा लागतो, त्याला दुसऱ्याच्या दमावर बोलण्याचा काय अधिकार, असे विचारतात. हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. धाप म्हणजे काय हे ज्याला रोजच्या अनुभवाने ठाऊक आहे, त्याची या विषयावरची साक्ष ऐकीव म्हणून नामंजूर करता येत नाही. उलट ज्याला कधीच धाप लागली नाही अशा मनुष्याने ती शंभर कदमांवरून कशी ओळखावी? शिवाय समर्थकाचे श्रम कोणी मोजतच नाही. तापलेल्या सिमेंटवर तो सबंध सामनाभर उठबस करतो, घसा फोडतो, पंचाच्या घराण्याचा उद्धार करतो, आणि हे सर्व त्याला एकही राखीव समर्थक उपलब्ध नसताना करावे लागते. खेळाडूला निदान बदली करून बाहेर काढण्याची सोय आहे.

एवढ्या पक्षांची कैफियत ऐकल्यावर एखाद्या तटस्थ मनुष्यास वाटेल की, फुटबॉलमध्ये देहाची सडपातळ काठी आणि अखंड दम यांवाचून काहीच साधत नसावे. पण या खेळाचा इतिहास तितका आज्ञाधारक नाही. 25 नोव्हेंबर 1953 रोजी वेम्बलीच्या मैदानावर हंगेरीचा कप्तान फेरेन्क पुश्काश उतरला, तेव्हा त्याची बुटकी, गुटगुटीत मूर्ती पाहून इंग्रजांच्या गोटात हसू फुटल्याचे सांगतात. सामना संपला तेव्हा हंगेरीचे सहा गोल झाले होते, इंग्लंडचे तीन, आणि युरोप खंडातून आलेल्या कोणत्याही संघाकडून इंग्लंड आपल्या अंगणात प्रथमच हरले होते. तोच पुश्काश पुढे देशोधडीला लागून, खेळापासून दूर राहून आणि चांगलाच लठ्ठ होऊन एकतिसाव्या वर्षी रेआल माद्रिदकडे आला, आणि 1960 साली ग्लासगोच्या अंतिम सामन्यात फ्रँकफुर्टवर जे सात गोल चढले त्यांतले चार त्याने एकट्याने चढवले. ब्राझीलचा 1982 सालचा कप्तान सॉक्रेटिस तर स्वतः पदवीधर डॉक्टर होता आणि भरपूर सिगारेटी ओढत असे. म्हणजे फुप्फुसांचे काय होते हे त्याला शास्त्रोक्त ठाऊक होते, फक्त ते त्याच्या पायांना कोणी कळवले नव्हते.

दुसऱ्या टोकाला स्टॅन्ली मॅथ्यूज. हा इंग्रज गृहस्थ दारू-तंबाखूला शिवत नसे, पहाटे उठून व्यायाम करी, दर सोमवारी उपास करी, आणि या आचरणाच्या बळावर वयाची पन्नास वर्षे पुरी झाल्यावर 1965 च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत शेवटचा सामना खेळून निवृत्त झाला. ही हकीकत दूधकट्ट्यावर पोहोचताच तिचे अपूर्व स्वागत झाले. कारण सोमवारचा उपास ही गोष्ट कोल्हापूरला शिकवण्यासाठी विलायतेहून कोणी येण्याची आवश्यकता नव्हती. साऱ्या संघाला सोमवार धरायला लावावा असा ठराव जवळजवळ संमत झालाच होता. इतक्यात गोलरक्षकाच्या मातोश्रींकडून निरोप आला की, त्यांचा मुलगा लहानपणापासूनच सोमवार करतो. अधिक तपशील मागवता असे निष्पन्न झाले की, त्या दिवशी तो सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, संध्याकाळी शेंगदाण्याचे लाडू आणि रात्री उपास सोडण्यासाठी नेहमीचे जेवण घेतो. मॅथ्यूजचा सोमवार याच जातीचा असता तर तो तिशीतच गोलरक्षक झाला असता, असे मत नोंदवून ठराव तहकूब करण्यात आला.

या सर्व काळात एका व्यक्तीची जबानी कोणी घेतली नव्हती, आणि ती व्यक्ती म्हणजे खुद्द कप्तान. तो एका फाउंड्रीत पाळीने काम करणारा मुलगा. रात्रपाळी संपवून सकाळी घरी यावे, दोन-चार तास डोळा लागतो न लागतो तोच ऊन डोक्यावर यावे, आणि मग बूट पिशवीत घालून मैदान गाठावे, असा त्याचा हंगामभर क्रम. (रात्री दीड वाजता तो ऑनलाइन का होता, याचा उलगडाही यातून झाला, ती त्याची चहाची सुट्टी होती.) साखळी सामने संपतात न संपतात तो बक्षिसांच्या स्पर्धा सुरू होतात, मैदान एक आणि दावेदार संघ अनेक, सरावाला जागा मिळेल तेव्हा मिळेल, आणि पोटरीला दुखापत झालीच तर बर्फ, लेप आणि पेठेचा आशीर्वाद यांपलीकडे उपचार नाही. पण त्याने यांतल्या एकाही गोष्टीची सबब पुढे केली नाही. कट्ट्यावर त्याला घेरून दमाबद्दल विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘चेंडू त्यांच्याकडं, मग पळायचं आमी. चेंडू आमच्याकडं असता तर ती पळाली असती.’

एवढ्या वैद्यांनी जे निदान चुकवले ते या एका वाक्यात होते. चेंडूमागे धावणारा मनुष्य चेंडू खेळवणाऱ्यापेक्षा लवकर थकतो. कारण खेळवणारा स्वतःच्या मर्जीने थांबतो आणि मागे धावणारा दुसऱ्याच्या मर्जीने धावतो. तेव्हा आमचा संघ दमल्यामुळे हरत नव्हता. तो साठ मिनिटे मनातल्या मनात हरत होता आणि म्हणून शेवटी दमत होता. पास चुकत होते, पहिल्या स्पर्शाला चेंडू पायापासून वावभर दूर जात होता, आणि तो परत मिळवण्याच्या पायपिटीत सारी शिल्लक खर्च होत होती. हे कट्ट्यावरच्या लोकांना कळत नव्हते असे समजू नये. ज्या माणसाने शंभर कदमांवरून नाडीच्या गाठीतला कावा ओळखला, त्याला चुकलेला पास दिसला नसेल हे संभवत नाही.

मग ते सर्वजण दमालाच का धरून बसले होते? मला वाटते, यात त्यांचे अज्ञान नसून त्यांची माया होती. ‘पोराला खेळता येत नाही’ असे एकदा म्हटले की खटला निकाली निघतो. त्यावर अपील नाही, आणि पोर तर आपल्याच बोळातले, त्याच्या बारशाचे पेढे खाल्लेले. पायातली कला ऐन हंगामात बाजारातून आणता येत नाही. दमाचे तसे नसते. दम नाही म्हटले की काहीतरी करता येते : पहाटे उठवता येते, रंकाळ्याभोवती पळवता येते, दुधाचा रतीब लावता येतो. हरणाऱ्या संघाच्या समर्थकाला ज्या एका गोष्टीची आवश्यकता असते ती म्हणजे उपाय असलेले दुखणे, आणि शारीरिक क्षमता हे फुटबॉलमधले एकमेव असे दुखणे आहे की जे शेजाऱ्यालाही घरबसल्या बरे करता येईलसे वाटते. म्हणून ज्या दिवशी समर्थक खेळाडूच्या दमाबद्दल तक्रार करणे थांबवतील, त्या दिवशी संघाने खरी काळजी करावी. कारण त्यानंतर येते ते मौन, आणि मौनाची वर्गणी जमत नाही.

दमाच्या तक्रारीची वर्गणी मात्र जमली. खेळाडूंनी सकाळी पाच वाजता रंकाळ्यावर हजर राहावे आणि हजेरीपट समर्थकांच्या समितीने ठेवावा, असा हुकूम निघाला. खेळाडू आले, समितीचा मात्र पत्ता नव्हता, त्यामुळे पहिल्या आठवड्याच्या रकान्यात सर्वांची गैरहजेरी लागली आणि ती पुढे कप्तानाने स्वतः दुरुस्त करून घेतली. संघाला रोज धारोष्ण दूध देण्यासाठी फंड काढला, त्याची यादी मी पाहिली आहे. ‘संघच बरखास्त करा’ म्हणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तीत नव्हते. पहिले नाव वस्तादांचे, दुसरे इतिहासकारांचे, तिसरे त्या कारकुनांचे, आणि चौथे शेंगांची टरफले थुंकीत नाडीचे निदान करणाऱ्या इसमाचे होते. त्याने रोख रक्कम न देता एक दुभती म्हैस महिनाभर संघाच्या दिमतीस लावली होती. या व्यवस्थेनंतरही सत्तराव्या मिनिटानंतर गोल झालाच, तर पेठ आता खेळाडूंना एका शब्दाने विचारणार नाही. म्हशीची चौकशी होईल.